फावल्या वेळचे विचार : शेष तेंच साक्षी

दिवाळीपूर्वीची झाडलोट म्हणजे आमच्या घरांत एक न्यायसभाच असते. माळ्यावरची एकेक वस्तु अंगणांत येते, तिनें आजवर घराची काय सेवा केली व पुढें ती काय कामास येईल याचा विचार होतो, आणि मग ती एक तर पुन्हां माळ्यावर चढते, नाहीं तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते. वयोमानानें न्यायाधीशाचें काम माझ्याकडे आलें आहे. यंदां या सभेपुढें एक पत्र्याची पेटी आली, आणि तिचा निकाल देतां देतां न्यायाधीश स्वतःच आरोपी होऊन बसला. ती हकीकत वाचकांस सांगावी, म्हणून या महिन्याचें लेखन त्याच विषयावर करीत आहें.

पेटी आमच्या कैलासवासी अण्णांची, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंची. ते नोकरीनिमित्त पुण्यास असत. इंग्लंडांतील सिंक्लेअर कंपनीनें १९८२ सालीं 'स्पेक्ट्रम' नांवाचा घरगुती संगणक काढला होता; त्याचीच 'स्पेक्ट्रम प्लस' ही सुधारलेली आवृत्ति पुढें पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें आपल्या देशांत विक्रीस आणली. अण्णांनीं ती घेतली. काळ्या रंगाचा, फुटाहून किंचित् लांब असा तो ठोकळा घरच्या टीव्हीस जोडावयाचा, शेजारीं साधा टेपरेकॉर्डर ठेवावयाचा, आणि कॅसेट लावून पांच-एक मिनिटें तिचें कर्णकर्कश किंचाळणें ऐकून घ्यावयाचें. तेवढ्यानें कॅसेटवरचा प्रोग्राम यंत्राच्या स्मृतींत उतरे. सुटींत आम्ही पुण्यास गेलों, कीं मुलांचा घोळका त्या ठोकळ्याभोंवतीं असे, आणि अण्णा 'माझें थोडें काम व्हावयाचें आहे' असें म्हणून मागें उभे राहून आपल्या पाळीची वाट पाहत.

पेटींत तो ठोकळा होता व अठरा कॅसेटी होत्या. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, देऊन टाका हें सारें. ज्यांचें होतें ते गेले. आतां यांत काय राहिलें आहे?" त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, पुण्यास संगणकाच्याच धंद्यांत आहे; तो दिवाळीसाठीं जऊळक्यास आला होता. तो म्हणाला, "काका, चार दिवस थांबा. यांत काय राहिलें आहे, तेंच तर पाहावयाचें आहे."

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढचें सारें आयुष्य संस्कृत शिकण्यांत व शिकविण्यांत गेलें. संगणकाचा मला गंध नाहीं. परंतु चार रात्रीं ओटीवर बसून पुतण्यानें जें समजावून सांगितलें, तें ऐकतांना, हा विषय परका नसून आपल्याच घरचा आहे, असें मला वाटूं लागलें. विलायतेंत व अमेरिकेंत कांहीं अभ्यासक चाळीस वर्षांपूर्वींचे संगणकी खेळ उघडून, त्यांच्या आंत चुकून राहून गेलेलीं जुनीं यंत्रवाक्यें वाचीत बसतात. खेळ खेळणाऱ्यास तीं कधींच दिसत नाहींत. खेळ चालण्यास त्यांचा कांहीं उपयोगही नसतो. मग तीं वाचावयाचीं कशासाठीं? या प्रश्नाचें उत्तर मला पोथ्यांनीं फार पूर्वींच देऊन ठेविलें होतें. तें मला ऐकूं मात्र आलें नव्हतें.

प्रथम यंत्रभाषा म्हणजे काय तें सांगतों. संगणकाची स्मृति ही क्रमांक घातलेल्या कप्प्यांची एक लांब रांग असते. स्पेक्ट्रमच्या रांगेंत ६५,५३६ कप्पे. त्यांपैकीं पहिले १६,३८४ कारखान्यांतच कायमचे भरून येत व उरलेले ४९,१५२ वापरणारासाठीं मोकळे असत. एकेका कप्प्यास बाइट म्हणतात व त्यांत ० पासून २५५ पर्यंतचा एकच आंकडा मावतो. त्या यंत्राचा मेंदू म्हणजे झेड-८० नांवाची चिप. तिला २०१ हा आंकडा दिसला, कीं ती समजते, 'जेथून आलास तेथें परत जा'. १९५ दिसला, कीं 'पुढें सांगितलेल्या कप्प्याकडे उडी घे'. ० म्हणजे 'कांहीं न करतां पुढें चल'. पण मौज अशी, कीं प्रत्येक आंकडा आज्ञाच असतो असें नाहीं. ६५ हा आंकडा आज्ञेच्या जागीं आला, तर चिप आपल्या एका खणांतील संख्या दुसऱ्या खणांत ठेवते. तोच मजकुराच्या जागीं आला, तर तें इंग्रजी पहिलें अक्षर असतें. चित्राच्या जागीं आला, तर दोन ठिपके. 'सैंधव आण' असें धन्यानें म्हटलें असतां, जेवणाची वेळ असेल तर मीठ आणावें व प्रवासाची वेळ असेल तर घोडा, हा आपल्या शास्त्रांतला जुना दृष्टांत आहे. तेथें जसें प्रकरणावरून अर्थ ठरतो, तसेंच येथेंही.

म्हणून शोध करणारा पहिल्या आज्ञेपासून बोट धरून निघतो. ती जेथें उडी घे म्हणेल तेथें जातो, प्रत्येक वाट शेवटापर्यंत चालून पाहतो, आणि वाटेंत लागलेल्या कप्प्यांवर खूण करतो. मग चित्रांचे, आवाजांचे, गुणांचे कप्पे ओळखून त्यांवरही खुणा करतो. एवढें करून झालें, कीं कांहीं कप्पे असे उरतात कीं त्यांच्याकडे कोणतीच वाट जात नाहीं व त्यांतला आंकडा कोणीच वाचीत नाहीं. तो शेष. कित्येकदां त्यांत नुसतीं शून्यें असतात. आणि कित्येकदां त्यांत कोणी तरी बोलत असतें.

अण्णांच्या कॅसेटींत 'मॅनिक मायनर' नांवाचा एक खेळ होता. मॅथ्यू स्मिथ नांवाच्या अवघ्या सतरा वर्षांच्या इंग्रज मुलानें तो रचला व १९८३ सालीं तो प्रसिद्ध झाला. एक खाणकामगार २० गुहांतून उड्या मारीत किल्ल्या गोळा करतो, एवढेंच कथानक. प्रत्येक गुहेच्या वर्णनास १,०२४ कप्पे, म्हणजे २० गुहांस २०,४८०. चालण्याचा, पडण्याचा, संगीताचा सारा संसार राहिलेल्या जागेंत बसविलेला. ही काटकसर पाहून मला सूत्रकारांची आठवण झाली. अर्धी मात्रा वांचली तर पुत्रजन्माचा आनंद मानणारे वैयाकरण या मुलास शिष्य करून घेते. अशा या खेळाचा कप्पा न् कप्पा अभ्यासकांनीं उलगडला आहे, आणि न वापरलेल्या जागांत त्यांस स्मिथच्या मूळ लेखनाचे तुकडे सांपडले आहेत.

मूळ लेखन म्हणजे काय, हें येथें सांगितलें पाहिजे. रचणारा माणूस नुसते आंकडे लिहीत बसत नाहीं. तो आज्ञा संक्षिप्त शब्दांत लिहितो व स्मृतींतील जागांस स्वतः नांवें देतो. मग एक निराळा प्रोग्राम त्या लेखनाचे आंकडे करून देतो. आंकडे झाले, कीं नांवांचें काम संपलें. तीं खेळाबरोबर जात नाहींत. संहितेवरून पदपाठ करावा त्याप्रमाणें आंकड्यांवरून आज्ञा पुन्हां सोडवितां येतात, परंतु कर्त्यानें आपल्या मनांत त्या जागेस काय म्हटलें होतें, तें कितीही मोठ्या पंडितास सांगतां येत नाहीं. तें फक्त मूळ लेखनांत असतें. स्मिथनें आपलें लेखन टीआरएस-८० या दुसऱ्याच यंत्रावर केलें होतें. लेखन स्मृतींत ज्या जागीं उतरलेलें होतें तेथील कांहीं कप्पे खेळाच्या आंकड्यांनीं झांकले गेले नाहींत, कोणी पुसलेही नाहींत, आणि खेळाची प्रत निघाली तेव्हां ते तुकडेही तिच्याबरोबर गेले असावेत.

मास्तरकी केलेल्या माणसास हें समजावयास वेळ लागत नाहीं. वर्गांत मुलगा पाटी पुढें करतो. उत्तर बरोबर असतें, अक्षर वळणदार असतें. पण पाटीच्या कोपऱ्यांत ओल्या बोटानें अर्धवट पुसलेली एक वजाबाकी असते. उत्तरावरून मुलानें काय लिहिलें तें कळतें. त्या कोपऱ्यावरून तो कसा चालला, कोठें अडला, शेजाऱ्याच्या पाटींत त्यानें डोकावून पाहिलें कीं नाहीं, हें सारें कळतें. उत्तर हें मास्तरांस दाखविण्यासाठीं असतें. कोपरा कोणास दाखविण्यासाठीं नसतो, म्हणूनच तो खरें बोलतो.

हेंच तत्त्व घेऊन पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें केवढें कार्य केलें! १९१९ सालीं तेथें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस आरंभ झाला, १,२५९ हस्तलिखितें या कार्यासाठीं पाहण्यांत आलीं, डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं १९२५ पासून १९४३ सालीं देहावसान होईपर्यंत त्याचें संपादन केलें, आणि पुढें १९६६ सालीं तें पूर्ण झालें. पोथ्यांचीं कुळें ठरवितांना संशोधक केवळ शुद्ध पाठांवर भिस्त ठेवीत नाहीं. शुद्ध पाठ दहा पोथ्यांत दहा वाटांनीं येऊं शकतो. पण एकच विचित्र चूक, एकच निरर्थक गळलेलें अक्षर दोन पोथ्यांत त्याच ठिकाणीं सांपडलें, तर त्या दोन पोथ्या एकाच आईच्या लेंकी असल्याचा तो बळकट पुरावा ठरतो. नकलकारानें जें सुधारलें तें त्याच्या विद्वत्तेची साक्ष देतें. जें त्याच्या ध्यानांतच आलें नाहीं, तें वंशाची साक्ष देतें.

पुतण्यास मीं हें सांगितलें, तेव्हां तो हसून म्हणाला, "काका, खेळांच्या बाबतींतही अगदीं असेंच झालें आहे." आणि त्यानें 'एन्टूम्ड' या खेळाची हकीकत सांगितली. हा १९८२ सालचा खेळ. यांत खेळणारा स्वतः पुराणवस्तुसंशोधक असून चालत्या-फिरत्या प्रेतांनीं भरलेल्या एका चक्रव्यूहांतून तो वाट काढतो. ज्या अटारी यंत्रासाठीं तो रचला त्याची काम करण्याची स्मृति अवघी १२८ बाइटांची. म्हणजे चार अनुष्टुभ् श्लोकांचीं अक्षरें जितकीं, तितकेच कप्पे. एवढ्या जागेंत सबंध चक्रव्यूह साठवून ठेवणें अशक्य; म्हणून तो खेळतां खेळतां ओळीओळीनें निर्माण होतो. कॅनडांतील जॉन एकॉक हे संगणकशास्त्रज्ञ व टॅरा कॉपलस्टन या पुरातत्त्वज्ञ बाई यांनीं हा खेळ उत्खननासारखा थरांथरांनीं खणून काढला. त्यांस त्यांत ३२ नोंदींचें एक कोष्टक मिळालें. आजूबाजूच्या पांच घरांत भिंत आहे कीं मोकळी जागा, हें पाहून पुढील घरांत भिंत घालावी, मोकळें सोडावें, कीं दैवावर सोंपवावें, हें तें कोष्टक सांगतें. पण हेच ३२ निर्णय कां, याचा उलगडा कोष्टकावरून होईना. त्याबरोबरच त्यांस सुमारें ३५ वर्षें कोणाच्या ध्यानांत न आलेला एक दोष मिळाला, आणि त्या काळचे रचनाकार एकमेकांचीं यंत्रवाक्यें उचलून आपल्या खेळांत वापरीत, याचा प्रत्यक्ष पुरावाही मिळाला. येथेंही पोथ्यांसारखेंच कुळ निघालें.

या हकीकतींत एक बोधही आहे. हें कोष्टक कोणी तरी नशेच्या भरांत रचलें व पुढें त्याचें त्यालाच तें उमगेना, अशी आख्यायिका एका रचनाकारानें सांगितली होती, आणि लोकांस ती फार आवडली. पुढें मूळ मंडळींपैकीं इतर जण बोलते झाले, कांहीं जुने अवशेष उजेडांत आले, आणि २०२२ सालीं अभ्यासकांनीं ती कथा पुन्हां तपासून दुरुस्त केली. माणूस तोंडानें जें सांगतो, त्याला गोष्ट रंगविण्याचा मोह असतो. शेषास तो मोह नसतो. पण शेष एकटा पुरतही नाहीं. जिवंत माणूस आणि उरलेला कागद हे दोन्ही साक्षीदार एकाच वेळीं हजर असतील, तरच खटला नीट चालतो. हें वाक्य मीं त्या रात्रीं सहज म्हटलें. तें माझ्यावरच उलटणार आहे हें मला ठाऊक नव्हतें.

उरलेलें सारें नकळत राहिलेलें असतें असेंही नाहीं. आपले संत अभंगाच्या शेवटीं आपली नाममुद्रा घालीत. अटारी कंपनी मात्र आपल्या खेळांवर रचणाऱ्यांचीं नांवें येऊं देत नसे. तेव्हां वॉरन रॉबिनेट यानें १९८० सालीं निघालेल्या 'अॅडव्हेंचर' या खेळांत एक गुप्त खोली करून तींत आपलें नांव लिहून ठेविलें. एक ठिपक्याएवढी वस्तु शोधून काढल्यावांचून त्या खोलींत जातां येत नाहीं. कंपनीस तें कळलें तेव्हां तो नोकरी सोडून गेलेला होता. जपानांतील निन्टेन्डो कंपनीच्या १९८१ सालच्या 'डाँकी काँग' या खेळाची गोष्ट याहून बोलकी आहे. त्याच्या यंत्रवाक्यांच्या पोटांत मोडक्या इंग्रजींत एक मजकूर आहे: हा कठीण प्रोग्राम उलगडल्याबद्दल तुमचें अभिनंदन, आणि खालीं इकेगामी या कंपनीचें नांव व टेलिफोनचा क्रमांक. खेळावर नांव निन्टेन्डोचें, पण यंत्रवाक्यें लिहिलीं इकेगामीच्या माणसांनीं. पुढें १९८३ सालीं याच लेखनाच्या मालकीवरून दोघांत खटला झाला व १९९० सालीं तो तडजोडीनें मिटला. ज्याचें नांव पाटीवर नाहीं, तो पायाच्या दगडावर नांव कोरून ठेवतो.

आमच्या वाशीमकरांस तर हें सांगावयासच नको. १९३९ सालीं वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट उजेडांत आला. त्याच्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षीं वत्सगुल्माहून, म्हणजे याच वाशिमाहून, दिलेला तो दानलेख. दान घेणारे गेले, देणारें घराणें गेलें, दिलेली जमीन कोणाकोणाच्या हातीं गेली; ज्या कामासाठीं तो पट कोरला तें काम केव्हांच संपलें. तरी वाकाटकांची एक सबंध शाखा आज इतिहासांत नीट उभी आहे, ती त्या निरुपयोगी झालेल्या तांब्याच्या बळावर. कोणा शहाण्यानें तें तांबें वितळवून त्याचीं भांडीं केलीं असतीं, तर व्यवहाराच्या दृष्टीनें त्याचें कांहींच चुकलें नसतें.

आतां माझ्या गुन्ह्याकडे येतों. आमचे वडील १९९४ सालीं गेले. त्यांच्या मागें जीर्ण पोथ्यांचें एक मोठें गाठोडें होतें. बरींचशीं पानें कसरीनें खाल्लेलीं, हात लावतांच तुकडे पडत. जीर्ण पोथ्या वाहत्या पाण्यांत सोडाव्या, या शिष्टाचाराप्रमाणें मीं तें गाठोडें उचललें, जऊळक्याहून गाडीनें पूर्णा व तेथून नांदेड गांठलें, आणि तें गोदावरीस अर्पण केलें. पान न् पान पाहावें, असें मला वाटलें नाहीं. त्या गाठोड्यांत वडिलांची एक वही होती. घराण्यांतील कोण कोणत्या तिथीस गेलें, याची नोंद त्या वहींत होती. वडिलांस त्यांच्या आत्यानें आईविना वाढविलें. ती बालविधवा, याच घरांत राबून याच घरांत गेली. तिच्या नांवानें वडील दरवर्षीं एका ब्राह्मणास शिधा देत. दिवस कोणता, हें आम्हां मुलांस कधीं विचारावेसें वाटलें नाहीं. अण्णा पुढें आले तेव्हां त्यांनीं विचारलें, "वही कोठें आहे?" मीं म्हटलें, "गंगेस दिली." अण्णा कांहीं बोलले नाहींत. तेव्हांपासून त्या माउलीचें स्मरण आम्ही, तिथि माहीत नसणारांचें करतात त्याप्रमाणें, सर्वपित्री अमावास्येस करीत आलों.

चौथ्या रात्रीं पुतण्या 'मॅनिक मायनर'ची कॅसेट आपल्या संगणकांत उतरवून घेत होता. खेळाचें किंचाळणें संपलें, क्षणभर शांत झालें, आणि पुन्हां एकदम मध्येंच तोडल्यासारखा आवाज सुरू होऊन दोन-अडीच सेकंदांत थांबला. पुतण्या चपापला. तो म्हणाला, "काका, ही नक्कल मीच केली होती. दहा वर्षांचा असेन. शेजारच्या मुलाची कॅसेट आणून बाबांच्या एका कॅसेटीवर हा खेळ घेतला. आधीं त्यावर काय होतें तें मीं पाहिलें नाहीं." खेळ आधींच्या मजकुराहून किंचित् आंखूड निघाला, म्हणून मजकुराचें शेपूट तेवढें उरलें.

त्या शेपटास आरंभ नसल्यानें स्पेक्ट्रम तें वाचूं शकला नसता. पुतण्यानें आवाजाची लहर पडद्यावर मोठी करून दाखविली. त्या यंत्राच्या कॅसेटीवर शून्यासाठीं आंखूड लहर असते व एकासाठीं बरोबर तिच्या दुप्पट. लघु आणि गुरूच म्हणा ना! लघुगुरूंची ती रांग आठआठांच्या गणांत पाडली, कीं एकेक अक्षर होतें. पण पहिलाच गण अर्धा तुटलेला. मग गण कोठून पाडावयाचे? आठच शक्यता. त्यानें आठही करून पाहिल्या. सातांत नुसता गोंधळ निघाला. आठवींत इंग्रजी अक्षरें उभीं राहिलीं.

त्या नऊ ओळी होत्या. क्रमांक ३१० ते ३९०, दहादहाच्या अंतरानें. पहिली ओळ अर्धी. म्हणजे १० पासून ३०० पर्यंतच्या तीस ओळी खेळाखालीं कायमच्या गेल्या. उरलेल्या ओळींत रोमन लिपींत नांवें होतीं व पुढें महिना, पक्ष, तिथि. अण्णांनीं वडिलांची वही सुटींत थोडी थोडी उतरवून नेली होती व ते ती यंत्रांत भरीत होते. मुलांच्या मागें उभे राहून ज्या पाळीची ते वाट पाहत, ती बहुधा याच कामासाठीं. ३६० क्रमांकाच्या ओळींत होतें: आत्या, मार्गशीर्ष वद्य ९. आणि शेवटच्या, ३९० क्रमांकाच्या ओळींत नांव नव्हतेंच; अण्णांनीं स्वतःसाठीं लिहून ठेविलें होतें, कीं पुढील नांवें बाबांस विचारणें.

वहिनी दाराशीं उभ्या होत्या. पुतण्या मान खालीं घालून बसला होता. त्यानें कॅसेट पुसली, मीं वही बुडविली. दोघांनींही उघडून पाहिलें नाहीं, हा आमचा एकच गुन्हा. "वही कोठें आहे?" म्हणून अण्णांनीं विचारलें, तेव्हां आपली नक्कल मुलानें पुसल्याचें त्यांस ठाऊक असलें पाहिजे, तरी ते ना मुलास बोलले, ना मला. त्यांच्या त्या मौनाचा अर्थ मला इतक्या वर्षांनीं लागला.

अथर्ववेदाच्या अकराव्या कांडांत उच्छिष्टाची, म्हणजे उरलेल्याची, स्तुति करणारें एक सूक्त आहे. यज्ञ झाल्यावर जें शिल्लक राहतें, त्यावरच सर्व जग उभें आहे, असा त्याचा भाव. विद्यार्थिदशेंत तें वाचतांना मला ती ऋषींची अतिशयोक्ति वाटली होती. आतां तसें वाटत नाहीं. यज्ञांत काय झालें तें राखेस विचारावें. आणि राख सारवून टाकण्यापूर्वीं विचारावें.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. पोथ्या असतील, कॅसेटी असतील, जुन्या संगणकाच्या फ्लॉपी असतील. सर्वच ठेवा असें मी म्हणत नाहीं. घर म्हणजे कांहीं संशोधन मंदिर नव्हे. परंतु निकाल देण्यापूर्वीं एकदां उघडून पाहा. पोथी बुडविण्यापूर्वीं तिच्या पुठ्ठ्याच्या आंतला कागदही पाहा. कॅसेटीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती तशीच वाजवूं नका. जाणत्याच्या हातीं द्या, व पहिल्याच वाजवणींत तिची नक्कल घेववा. आणि ज्यांना विचारावयाचें ते घरांत बसलेले असतील, तर आजच विचारा. अण्णांची शेवटची ओळ तेवढ्यासाठींच राहिली, असें मी समजतों.

पेटी पुन्हां माळ्यावर गेली आहे. राहिलेल्या सतरा कॅसेटी पुतण्यानें पुण्यास नेल्या आहेत. आमच्या मंडळींनीं पंचांगांत मार्गशीर्ष वद्य नवमीवर कुंकवाची खूण करून ठेविली आहे. शिध्याचे तांदूळ निवडून झाले आहेत.